आठ दिवसांचा वॉशर

सेलू,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

नमस्कार लिहिला की तुम्ही रागावता. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून नुसतं ‘प्रिय’. फोन केला असता, पण अठ्ठावीस वर्षं भर्र वाजणारे स्टोव्ह दुरुस्त करून तुमचे कान गेले. फोनवर तुम्ही सगळ्यालाच ‘हो, हो’ म्हणता. मला ‘हो’ नको, नीट उत्तर हवं आहे.

फेब्रुवारीत आम्ही चौघी हिमाचलात बर्फातल्या पदभ्रमणाला जाणार आहोत. मयुरीताईंनी गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलंय, त्या पुढे. आचल आणि स्वीटी तंबू सांभाळतील. स्टोव्ह माझ्याकडे आहे, कारण मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सगळं तीनदा तपासते, असं त्या म्हणतात. हसतात, पण काम मलाच देतात.

तिथे पाणी नसतं, मामा. बर्फ वितळवूनच प्यायचं. स्टोव्ह बंद पडला तर चौघी तहानेल्या. म्हणून मला झोप लागत नाही. दोन पर्याय आहेत. एक, छोट्या डब्यातला गॅस. हलका, काडी लावली की पेटतो. दुसरा, अनेक इंधनांवर चालणारा स्टोव्ह. बाटलीत रॉकेल भरा, पेट्रोल भरा, पंप मारा. रेल्वेत इंधन नेता येत नाही, त्यामुळे तिथे जे मिळेल ते जाळता आलं पाहिजे. हा दुसरा म्हणजे तुमच्याच पितळी स्टोव्हचा नातू.

आईने ‘पंप’ हा शब्द ऐकला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाली, “स्टोव्हच्या बाबतीत चंद्रभान हो म्हणत असन तर जाय. त्याच्याशिवाय घराबाहेर पाय टाकाचा नाई.” बाबाही तेच म्हणाले.

म्हणजे माझं जाणं तुमच्या एका शब्दावर आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुमचं घर आणि दुकानाचा ओटा होता. तुमच्याइतकं स्टोव्हचं कोणालाच कळत नाही. कोणता घेऊ?

तुमची,
रक्षा

*

कारंजा (घाडगे),
१९ ऑक्टोबर

रक्षाबाईले मामाचं दुरूनच पायावर डोकं.

पत्र वाचून मामी म्हणे, पोरगी बर्फात चाय पियाले चालली काय? म्या म्हटलं, चाय नाई, बर्फच पियाले चालली.

आता आयक. मातीच्या तेलाले, म्हंजे तुह्या रॉकेलले, पयले बर्नर तापवा लागते, स्पिरिट टाकून. घाई केली का पिवळा जाळ उठते. भोक चोंदलं का पिन मारा लागते. अन् पंपात चामड्याचा वॉशर असते, वाटीसारखा. त्याले गोडं तेल लावत राहाव, जवसाचं नाई. जवसाचं तेल पडून राह्यलं का चिकट होऊन सुकते. आपल्या इकडे बाया घरातलं जवसाचंच लावत, अन् मंग माह्याकडे घेऊन येत.

हे सांगतलं, पण तू पंपाचा घेऊ नको. डब्यातला गॅस घेजो. काऊन, ते तुह्या मायले मालूम आहे. आमच्या ओट्यामागच्या घरात हेमराजची बायको छाया, एकोणीसशे नव्व्याण्णवची गोष्ट. वॉशर सडला होता. तेल उलटं आलं अन् टाकी फुटली. पोरगी जळून गेली. पोलिसायनं मलेच इचारलं होतं, म्या हेच सांगतलं. तवापासून तुह्या मायनं पंपाच्या स्टोव्हले हात लावला नाई.

म्हून माहा ‘हो’ नाई. आणखी काही इचारू नको.

तुहा मामा,
चंद्रभान

*

सेलू,
२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

रागावू नका, मी विचारणार आहे.

आधी गॅस. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फ आणि मीठ घालून त्यात डबा दोन तास ठेवला. थर्मामीटर उणे चौदा दाखवत होता. अंगणात पेटवला. सुरुवातीला ठीक, मग ज्योत नखाएवढी झाली. पंचवीस मिनिटांत एक लिटर पाणी नुसतं कोमट झालं आणि ज्योत विझली. चौघींना अशा डब्याच्या भरवशावर मी नेणार नाही.

मग दुसरा. नागपूरच्या दुकानदाराने आठ दिवस वापरून बघायला दिला. रॉकेल आमच्या प्रयोगशाळेतलं अर्धा लिटर, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन. बाटली तशीच बर्फात ठेवली. पहिल्या दिवशी बर्नर पुरेसा तापवला नाही आणि पिवळा जाळ हातभर उठला. मी पळाले, मामा. चार पावलं पळाले, थांबले, परत आले आणि किल्ली बंद केली. जाळ खाली बसला. आई घरी नव्हती, पण संध्याकाळी मीच तिला सांगितलं. न सांगणं मला जमलं नाही. तिने दोन दिवस अबोला धरला. दुसऱ्या दिवसापासून सात मिनिटांत पाणी उकळतंय.

आता वॉशर. तुम्ही सांगितलंत म्हणून मला त्याचीच जास्त भीती होती. शेजारच्या अनुसयाबाईंकडून जुना पितळी स्टोव्ह आणला आणि तीन वॉशर घेतले. एक नवा, तेल लावलेला. एक उन्हात वाळवून कडक केलेला. एक कात्रीने कापून खराब केलेला. कापलेला घालून चाळीस वेळा पंप मारला. हवा भरतच नाही. दांडा नुसता खालीवर होतो. पेटवला तर ज्योत फुरफुरून मेली. कडक वॉशरचं थोडंसं बरं, इतकंच.

वॉशर सडला तर टाकीत हवा भरत नाही. हवाच नाही तर टाकी फुटेल कशाने?

माझंच चुकत असणार असं धरून तीनदा करून पाहिलं. कुठे चुकते आहे ते सांगा. चौघींच्या जिवाचा प्रश्न आहे, ‘बहुतेक’ म्हणून मला निघता येणार नाही.

रक्षा

*

कारंजा,
९ नोव्हेंबर

रक्षा,

तू शाळेत काचेच्या नळ्या धुतं अन् मले स्टोव्ह शिकवतं काय? म्या हजारो स्टोव्ह खोलले. पुस्तकातलं येगळं अन् घरातलं येगळं. जे झालं ते झालं. मेलेल्या बाईच्या गोष्टीत कात्री घेऊन काऊन घुसून राह्यली?

अन् एक ध्यानात ठेव. चंद्रभानच्या हातचा वॉशर असा तसा नसते. छायाच्या स्टोव्हले म्याच नवा वॉशर टाकून देल्ला होता, आठ दिवस आधी, चांगलं जाड चामडं कापून. दुकानात असा भेटत नाई. माह्या हातचा वॉशर तीन-तीन वर्षं चालते. साऱ्या कारंज्यात कोनाले बी इचार.

गॅस नाई जमत तर जाऊ नको. हेच माहं उत्तर.

चंद्रभान

*

सेलू,
१६ नोव्हेंबर

मामा,

तुमच्या दोन पत्रांतली दोन वाक्यं मी खाली उतरवते आहे.

१९ ऑक्टोबर: ‘वॉशर सडला होता.’

९ नोव्हेंबर: ‘म्याच नवा वॉशर टाकून देल्ला होता, आठ दिवस आधी. माह्या हातचा वॉशर तीन-तीन वर्षं चालते.’

ही दोन्ही खरी कशी?

दोनदा कागद फाडला. वाटलं, भाचीने मामाला असं विचारू नये. मग आठवलं, बेरीज चुकली की तुम्ही पाटी पुसू द्यायचा नाहीत. म्हणायचा, चूक राहू दे, तिच्या बाजूला खरं लिही. म्हणून विचारते.

हे पत्र मी स्वतःच पेटीत टाकणार आहे. कोणी वाचलेलं नाही.

रक्षा

*

सेलू,
६ डिसेंबर
(पोस्टकार्ड)

मामा, तीन आठवडे झाले. उत्तर नाही. दिवाळीलाही तुम्ही आला नव्हता. आई म्हणते, तुझ्या पोरकट प्रश्नांनी त्याला त्रास झाला असेल. मीही तसं मानून गप्प बसू शकते. बसणार नाही. वाट बघते. — र.

*

कारंजा,
१४ डिसेंबर

रक्षाबाई,

चार डाव लिहायले बसलो. मामी म्हणे, कोनाले लिहून राह्यले? म्या म्हटलं, पोस्टातल्या कामाचं. पाह्य, इतं बी खोटंच बोल्लो.

त्या दिवशी दुपारी मी ओट्यावरच होतो. मागून आरडाओरड आयकू आली, तवा कान चांगले होते. धावत गेलो. छायाले बाहेर आणून राह्यले होते. ते मी लिहीत नाई.

मंग पोलीस आले. म्हणे, तू स्टोव्हवाला, स्टोव्ह पाह्य. म्या पाह्यला. स्टोव्ह कोपऱ्यात होता. थंडा. टाकी भरलेली, कुठं बी फुटलेली नाई, पिचकलेली नाई. किल्ली ढिली, हवा सोडलेली. किल्ली आवळून पंप मारून पाह्यला, हवा भरली. माहाच वॉशर होता, एकदम चांगला. तेलाची कॅन मात्र दाराजवळ पडली होती, रिकामी.

हेमराजचा बाप, ओट्याचा मालक, माह्या बाजूले उभा होता. हळूच म्हणे, “चंद्रभान, वॉशर सडला असन, नाई?” म्या स्टोव्ह खाली ठेवला. मंग म्हणे, “ओटा तुलेच पाह्यजे ना पुढं बी?”

इतकंच. धमकी नाई, शिवी नाई. म्या म्हटलं, हो, सडला होता. लिहून घेतलं, म्या सही केली. स्टोव्ह कोनी खोलूनच पाह्यला नाई, मिस्तरीच बोल्ला म्हून. मंग हेमराजच्या घरच्यायनं तो आपटून फोडला, अन् फुटलेला स्टोव्ह साऱ्या गल्लीनं पाह्यला.

त्या ओट्यावर मी बारा वर्षं आणखी बसलो. गॅस आला म्हून दुकान बंद केलं असं सांगतो. गॅस आला हे खरं. पण त्याच्याआधीच कामाले हात लागत नव्हता. स्टोव्ह भर्र वाजला का मले दुसरं काही आयकू येत नव्हतं, म्हून जोरानं पेटवत राह्यलो. कान त्याच्यात गेले.

तुह्या मायले बी म्या हेच सांगतलं. ती सव्वीस वर्षं स्टोव्हले भेत आली. स्टोव्हचा काही दोष नाई, पोरी. तू बरोबर होतं.

तुले पंपाचा घ्याचा तर घे. हे पत्र मायले दाखव अन् जा.

ज्या भाचीच्या पायावर डोकं ठेवाव, तिलेच खोटं सांगतलं. याच्याउपर काय लिहू.

चंद्रभान

*

सेलू,
२० डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत, दार लावून वाचलं. मग हात धुतले. का ते माहीत नाही, तीनदा धुतले.

पत्र आईला दाखवणार नाही. दाखवलं तर उद्याच मला परवानगी मिळेल, हे मला कळतं. पण एका बाईला जाळलं ही गोष्ट मला सहलीला जायच्या परवानगीसाठी वापरायची नाही. ते तुम्ही बोलायचं आहे, माझ्या हातातल्या कागदाने नाही. तुमच्या तोंडाने.

आणि आईला नंतर. आधी छायाच्या आईला. आनंदाबाई समुद्रपूरला राहतात, हे मी मयुरीताईंकडून काढलं, त्या मूळच्या तिकडच्याच. त्या जिवंत आहेत, मामा. ऐंशीच्या पुढे आहेत. सव्वीस वर्षं त्यांना सगळे सांगतात की तुमच्या मुलीला स्टोव्ह नीट सांभाळता आला नाही.

मला बाराखडी त्याच ओट्यावर आली. बेरीज तिथेच आली. ‘खरं लिही’ हे तुम्ही मला त्याच ओट्यावर शिकवलंत, ज्याच्यासाठी तुम्ही खोटं लिहिलं होतंत. याचं काय करू, मला कळत नाही. शिकलेलं परत करता येत नाही. म्हणून वापरते आहे.

संक्रांतीला तुम्ही येता आणि माझ्या पायावर डोकं ठेवता. यंदा ठेवू देणार नाही. आनंदाबाईंसमोर उभे राहून हे बोलत नाही तोवर नाही. मामी रडेल, आई ओरडेल, लोक म्हणतील पोरीला शिक्षणाने शिंगं फुटली. म्हणू द्या. मला भीती वाटते आहे, खूप वाटते. पण पाय मागे घेणार.

स्टोव्ह मी ठरवला. पंपाचा. तुमच्या परवानगीने नाही, माझ्या तपासणीने. दोन जास्तीचे वॉशर, गोड्या तेलाची छोटी बाटली आणि तीन पिना सोबत नेते आहे.

रक्षा

*

कारंजा,
११ जानेवारी २०२६

रक्षाबाई,

एसटीनं समुद्रपूरले गेलतो. दोन डाव फाट्यावरून वापस आलो होतो, ते बी सांगतो. तिसऱ्या डावाले गेलो.

आनंदाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. म्या नाव सांगतलं. ती काही बोल्ली, मले आयकू नाई आलं. म्या म्हटलं, माय, मोठ्यानं बोल, कान गेले. ती म्हणे, “मोठ्यानं बोलाव लागते काय? बरंच झालं. आयकू दे गल्लीले.”

मी बी मोठ्यानंच बोल्लो. बहिऱ्याले आपला आवाज बी कळत नाई. वॉशर नवा होता, टाकी फुटली नव्हती, स्टोव्ह थंडा होता, म्या खोटी सही केली. दारादारात लोक उभे राह्यले.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणे, “माही पोरगी बारा वर्षाची होती तवापासून स्टोव्ह पेटवत होती. सव्वीस वर्षं मी हेच सांगून राह्यली. कोनं आयकलं नाई. तू दोन बोल बोल्ला अन् साऱ्यायनं आयकलं.” म्या पायाशी वाकलो. तिनं पाय पदराखाली घेतले. म्हणे, “माफी घरी घेऊन जाय आपली. मले कागद दे.”

दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं ठाण्यात गेलो. म्या लिहून देल्लं, सही केली. साहेब तरणा आहे. म्हणे, आजोबा, खोट्या जबाबाचं तुमच्यावर बी येऊ शकते. म्या म्हटलं, येऊ द्या. आनंदाबाई म्हणे, “येऊच द्या.” तिले चोवीस फेब्रुवारीले जबाबाले बोलावलं, मले बी.

हेमराज घरी आला होता. म्हणे, “म्हातारपणी काऊन उकरून राह्यला चंद्रभान? ओट्यावरचे दिवस तरी याद कर.” म्या म्हटलं, “याद आहेत म्हूनच.” खुर्ची पाडून गेला. मामी दोन दिवस जेवली नाई. मले मात्र लय दिवसानं भूक लागली, हे लिहायची बी शरम वाटते.

तुह्या मायले, कोकिळेले, सांगाले मी येतो. तू घरी नसन तवा येतो.

चंद्रभान

*

सेलू,
३० जानेवारी

मामा,

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही येऊन आईशी बोलून गेलात. घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. गॅस पेटवलेला नव्हता. बाबा दारात उभे होते.

मला वाटलं होतं, आता ती म्हणेल, जाय. तिने हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाली, “मले इतकी वर्षं स्टोव्हचं भेव होतं. आज कळलं, स्टोव्ह बिचारा काही करत नाई. आता तर माणसायचंच भेव लागलं. आता तू बिलकुल जाऊ नको.”

म्हणजे कारण गेलं आणि ‘नाही’ तिथेच राहिलं.

मी घाबरट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघते. पण त्या क्षणी मी आईला म्हणाले, “आई, छाया घरातच होती.”

तिने माझा हात सोडला. हो म्हणाली नाही. बाबाही म्हणाले नाहीत. ५ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने मी जाते आहे. ‘हो’ न घेता जाते आहे. आजवर घरात न विचारता मी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बॅग भरली आहे, आणि मयुरीताईंना ‘येते’ असं कळवलं आहे. त्यांनी फक्त ‘स्टोव्ह?’ इतकंच विचारलं. मी लिहिलं, तयार आहे.

तुम्ही समुद्रपूरला गेलात, मोठ्याने बोललात, सही केलीत. ते वाचताना मी रडले. त्याबद्दल तुमचे आभार मानणार नाही. ते सव्वीस वर्षांपूर्वीच करायचं होतं.

आम्ही २१ तारखेला परत येतो. २४ ला तुम्हाला ऐकू येणार नाही, कोणी काय विचारलं ते लिहून दाखवायला माणूस लागेल. मी येईन. वही-पेन घेऊन येईन आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहून तुमच्यापुढे धरेन. पण बसणार आनंदाबाईंच्या बाजूला.

रक्षा